लघाटे मामांचा पहिला हक्क

शाळेत बाप गेला की हात जोडून उभा राहतो आणि मामा गेला की आधी खुर्ची मागतो, असं लघाटे मामांचं म्हणणं होतं. बापाला पोराच्या वर्षाची धास्ती असते. मास्तर नाराज झाला तर घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ही आणखी एक धास्ती असते. मामाला कसलीच नसते. तो दुपारचा आलेला असतो, संध्याकाळी जेवून जाणार असतो. तेव्हा पोरांच्या शिक्षणाच्या कामी बापानं पडूच नये, मामाला पुढं करावं. ज्यांचा मामा हजार मैलांवर राहिला त्यांनी काय करायचं, हा प्रश्न जबलपूरजवळच्या आमच्या खमरिया वसाहतीत निघत नसे, कारण तिथं लघाटे होते.

मुकुंदराव लघाटे तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, हजेरी आणि रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होते. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत कधीतरी जबलपूरला आले आणि नर्मदेचं पाणी मानवलं म्हणून परत गेलेच नाहीत. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, तेव्हा ऑफिसात कुणीतरी त्यांना चिडवलं की आता तुम्ही मराठी लोक परप्रांतीय झालात. मामा म्हणाले, "हम तो यहीं बैठे थे भैया, लाइन किसी और ने सरकाई." दिसायला ते उंच आणि किडकिडीत होते, डोक्यावर टक्कल, अंगात बारा महिने तोच खाकी कोट. सायकलची घंटा कधीच मेलेली, त्यामुळे समोर कुणी आलं की ते तोंडानंच खणखण असा आवाज काढत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं विचारलं तर दर वेळी नवीन कारण सांगत आणि प्रत्येक कारण ऐकण्यासारखं असे.

त्या वर्षांत फॅक्टरीत माणसांची रीघ लागली होती. केरळातून, बंगालमधून, पंजाबातून, मद्रासकडून, आमच्यासारखी वऱ्हाडातून. माणसाला क्वार्टर मिळे, गेटचा पास मिळे, कँटीनचा चहा मिळे. त्याच्या पोरांना मात्र हिंदीत चाललेल्या शाळेतला शेवटचा बाक मिळे. त्यांच्याशी काय बोलावं हे मास्तरांना कळत नसे आणि मास्तर काय बोलतात हे त्यांना कळत नसे, म्हणून दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नसत. मामा टाइम ऑफिसात असल्यामुळे नवा माणूस पहिल्या दिवशी त्यांच्यासमोरच येई. सगळे बाबू त्याचं नाव विचारत, मामा विचारत, "बच्चे कितने? कौन सी में?"

आम्ही अमरावतीहून आलो तेव्हा मी चौथीत जायची होते. वडिलांची सकाळची पाळी, आणि आईला हिंदीचं नाव काढलं की घाम फुटायचा. "मी नाही जात बाई त्या शाळेत. ते हिंदीत विचारून राहिले तर मी काय सांगू?" असं म्हणून तिनं दाराची कडी लावून घेतली होती. शेजारच्या क्वार्टरमधून हे ऐकून मामा आले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "काहून घाबरून राहिल्या ताई? चला, पोरगी द्या इकडं. आजपासून मी हिचा मामा." आईनं फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या उंच माणसाला नाही कसं म्हणावं हे तिला सुचलं नसावं, कारण थोड्या वेळानं मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेच्या वाटेला लागले होते.

शाळेचे मुख्याध्यापक तिवारी सर मनानं वाईट नव्हते, पण नियम त्यांच्या अंगात इतका भिनला होता की शिंकतानाही ते परवानगी घेत असतील असं आम्हाला वाटायचं. मामांनी आल्या आल्या खुर्ची मागितली, पाय पसरले आणि ही माझी भाची म्हणून माझ्याकडे बोट केलं. तिवारी सर म्हणाले की लघाटेजी, मागच्या आठवड्यात तर तुम्ही त्या मलयाळी मुलाचे मामा होता. मामा शांतपणे म्हणाले, "वो केरल वाली बहन का है. ये अमरावती वाली का." सरांनी विचारलं, अशा किती बहिणी आहेत तुमच्या? मामांनी खोल उसासा सोडला आणि आमच्या वडिलांनी मुली फार लांब लांब दिल्या, असं सांगून टाकलं. खरं म्हणजे मामा आईवडिलांचे एकुलते एक होते.

खोटं बोलण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिला नाही, पण त्यांचं खोटं गूळ घातलेलं असे. प्रत्येक घराशी ते काही ना काही जुनं नातं काढत. बंगाली मुखर्जींच्या घरी जाऊन म्हणाले की भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज तुमच्या मुलखात आले होते, त्यांनी चिक्कार लुटालूट केली, आता त्याचं प्रायश्चित्त म्हणून तुमच्या पोराला शाळेत घालतो. मुखर्जीबाबूंना हे इतकं आवडलं की ते मामांना कायम बर्गी, म्हणजे लुटारू मराठा स्वार, म्हणू लागले, आणि त्यांचा मुलगा सगळ्या शाळेत बर्गीमामा बर्गीमामा करत फिरू लागला.

शिकवणं मात्र मामांना अजिबात जमत नसे. गणितात त्यांची मजल पावकीच्या पुढं गेली नव्हती, व्याकरणाचं नाव काढलं की त्यांना झोप येई. हिंदी शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. नव्या पोराला ते रिकामी पिशवी देऊन रांझीच्या बाजारात सोडत आणि बजावून सांगत की भाव करायचा, भांडायचं, पण घ्यायचं काहीच नाही. खिसा रिकामा असल्यामुळे घेण्याचा मोहही नसे. पोरगं आधी रडकुंडीला येई, मग बोटानं वांगी दाखवी, मग एखादा शब्द काढी, आणि भाजीवाली त्याच्यावर ओरडली की ते चिडून चार शब्द जास्त काढी. चिडलेल्या माणसाला भाषा लवकर येते, असा मामांचा सिद्धांत होता. सुक्को नावाच्या भाजीवालीनं एकदा त्यांना रस्त्यात गाठलं आणि म्हणाली, "लघाटेजी, आपके भांजे रोज आते हैं, भटे दबा-दबा के चले जाते हैं." भटे म्हणजे तिकडची वांगी. मामांनी तिला गंभीरपणे सांगितलं की तिथं पढाई चालू आहे, तू मास्तरीण आहेस, जरा रुबाबात राहत जा. त्यानंतर सुक्को आमच्यावर दुप्पट ओरडायला लागली आणि आमची हिंदी फारच सुधारली.

या सगळ्या खोट्याची किंमत मामा वर्षातून एकदा चुकवत, भाऊबीजेला. शाळेत मामा म्हणून सही केली की त्या घरच्या बाईनं ओवाळलं पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. नाहीतर नातं कच्चं राहतं, म्हणायचे. ज्या घरांत भाऊबीज ठाऊकच नव्हती तिथं ते स्वतः पाट मांडून बसत आणि बाईला सांगत, हां, अब दिया घुमाइए, उधर से नहीं, इधर से. केरळच्या मरियम्मांनी मेणबत्तीनं ओवाळलं, मुखर्जीबाईंनी करंगळीनं चंदन लावलं, पंजाबी बाईनं कपाळभर टिळा फासून वर पाठीत धपाटा घातला. आणि प्रत्येक घरी खाणं. सकाळी आमच्याकडे करंज्यांनी सुरुवात करून संध्याकाळी मामा सायकल हातात धरून चालत येत, कारण बसणं शक्य नसे. दुसऱ्या दिवशी ते आजारपणाची रजा टाकत, आणि टाइम ऑफिसात तेच असल्यामुळे ती मंजूरही होत असे.

पण हे सगळं गंमतीचं झालं. मामांची खरी कसोटी लागली ती अलमेलूच्या वेळी, आणि ती मी अगदी जवळून पाहिली, कारण ती माझ्याच बाकावर होती.

अलमेलूचे वडील राममूर्ती तंजावरकडच्या एका गावातून बदलून आले होते. तंजावर म्हटल्यावर मामांना नातं शोधायला श्रमच पडले नाहीत. तिथं आमचेच राजे होते, म्हणजे तुम्ही आमचेच, असं त्यांनी राममूर्तींना गेटवरच ऐकवलं. अलमेलू गावाकडे सातवी पास झालेली होती. तेरावं लागलेलं, सगळ्या वर्गाहून उंच, लांब वेणी, आणि गणित म्हणाल तर मास्तर फळ्यावर लिहीत असतानाच हिचं उत्तर तयार असे. पण हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं. मामा तिला घेऊन गेले, खुर्ची मागितली, बरंच घोडं दामटलं, पण या वेळी तिवारी सर हलले नाहीत. जिला वाचता येत नाही तिला आठवीत कशी बसवू, म्हणाले, आणि तिला पाचवीत, माझ्या वर्गात घातलं. माझ्या शेजारी ती गुडघे आखडून बसायची. बुटक्या बाकाखाली तिचे पाय मावत नसत. पहिले कितीतरी दिवस ती फक्त खिडकीबाहेर बघत होती. मामा त्या दिवशी परत येताना खणखणही करत नव्हते, एका म्हशीला जवळजवळ धडकले.

त्या दिवाळीला अलमेलूच्या आईनं, जयलक्ष्मीबाईंनी, मामांना ओवाळलं. त्या अगदी शांत बाई होत्या. त्यांना भाऊ नव्हता. आम्ही पोरं दारात उभी राहून बघत होतो. मामांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी दिवा फिरवला, तुपातला शिरा पुढे ठेवला आणि मामा खात असताना पदरानं डोळे पुसले. मामांनी एरवी मारला असता तसा काही चावट शेरा मारला नाही, नुसता शिरा आणखी मागितला.

संक्रांतीच्या सुमारास राममूर्तींची आई गावाहून आली. तिला सगळे पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. नऊवारीसारखं लुगडं, नाकात दोन्ही बाजूंना हिरे, आणि आवाज असा की फॅक्टरीचा भोंगा वाजला तरी तिचं बोलणं ऐकू यावं. नात पाचवीतल्या चिमण्यांबरोबर बसते हे तिनं पाहिलं आणि घरात वादळ झालं. तिचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. घोडीएवढी मुलगी बाळांच्यात बसवून काय शिकवणार आहात, त्यापेक्षा मी तिला गावी नेते, स्वयंपाक शिकवते, नात्यात एक मुलगा आहे त्याच्याशी बोलणी करून ठेवते. राममूर्ती आईपुढे बोलत नसत, जयलक्ष्मीबाई सासूपुढे बोलत नसत. अलमेलूनं मला शाळेत सांगितलं की परीक्षेच्या आधीच जायचं आहे. तोवर तिला बऱ्यापैकी हिंदी येऊ लागली होती, सुक्कोची कृपा. तिनं मला तिची कंपासपेटी दिली आणि म्हणाली, "रख ले. उधर नहीं लगेगा." मी ती घेतली आणि घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

यातच एक भानगड उपटली. पाट्टीच्या कानावर आलं की या मुलीला इथं एक मामा आहे, आईनं त्याला दिवा दाखवून भाऊ मानलं आहे. पाट्टीनं विचारलं, लग्न झालंय का त्याचं? नाही म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. त्यांच्याकडे मुलीवर पहिला हक्क मामाचा. आईचा भाऊ बिनलग्नाचा असेल तर मुलगी आधी त्याला विचारायची, त्यानं नको म्हटलं तरच बाहेर बघायचं. आपल्याकडे ऐकलं तरी कानावर हात ठेवतील, त्यांच्याकडे ती चांगल्या घरची रीत. तेव्हा रीतीप्रमाणे पाट्टी एका दुपारी, सोबत हिंदी येणाऱ्या दोन बायका घेऊन, मामांचं क्वार्टर बघायला आली. मामांना वाटलं म्हातारी ओळख करून घ्यायला आली आहे. त्यांनी तिला खोव्याची जिलबी दिली, स्वतःचा पगार फुगवून सांगितला, गोत्र सांगितलं, आपले केस आजारपणात गेले असंही सांगितलं. पाट्टीनं स्वयंपाकघरात डोकावून डबे उघडून पाहिले. जाताना ती प्रसन्न दिसत होती, आणि मामा आईला येऊन म्हणाले, "बड़ी अच्छी बुढ़िया है ताई. किती आपुलकीनं विचारून राहिली होती."

संध्याकाळी राममूर्ती मामांकडे आले. त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. पाट्टीचं म्हणणं, वय जरा जास्त आहे, पण माणूस खायचा-प्यायचा आहे, दोन-तीन वर्षांनी उरकून टाकू. आमच्या घरात हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.  मग सायकल बाहेर काढल्याचा आवाज आला. सकाळी कळलं की लघाटे भेडाघाटला गेले, तिथं त्यांचा एक संगमरवराच्या मूर्ती घडवणारा मित्र होता, त्याच्याकडे तब्येतीसाठी राहणार आहेत. खमरियात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मुखर्जीबाबूंनी कँटीनमध्ये जाहीर केलं की इतिहासात बर्गी पहिल्यांदाच पळाला.

आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, तो पळाला तर त्या पोरीचं कोण हाय?

मामा परत आले ते भेडाघाटच्या धुळीनं पांढरे होऊन, पण तोंडावर एक वेगळंच हसू घेऊन. धुवांधार धबधब्यापाशी बसून विचार केला, असं ते पुढं सांगत, पण माझी खात्री आहे की तिथं त्यांनी नुसती भजी खाल्ली असणार आणि युक्ती परतीच्या वाटेवर सुचली असणार. आल्या आल्या ते तोंड न धुता राममूर्तींकडे गेले. आम्ही पोरं मागोमाग. मामा पळाला म्हणजे नकोच म्हणाला असं धरून पाट्टी ओट्यावर बसून ट्रंक आवरत होती. इटारसीहून मद्रासची गाडी धरायची होती. अलमेलू कपड्यांच्या घड्या करून देत होती.

मामांनी खुर्ची मागितली. राममूर्तींनी दिली. मामांनी त्यांना दुभाष्याच्या कामाला लावलं आणि पाट्टीला विचारलं की मुलीवर पहिला हक्क मामाचा, हे खरं ना? पाट्टीनं मान हलवली. मामानं नाही म्हटल्याशिवाय दुसरीकडे बोलणी करता येत नाहीत, हेही खरं ना? पाट्टी म्हणाली, अर्थात, आम्ही काय रानटी आहोत?

"मग सांगा त्यांना," मामा म्हणाले, "मी नाही म्हणून नाही राहिलो. आणि हो पण म्हणून नाही राहिलो. पोरगी मॅट्रिक होईल त्या दिवशी सांगीन. तोवर हक्क माझ्या खिशात. तोवर दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत, आणि पोरगी इथून हलवायची नाही."

राममूर्तींनी हे सांगताना तीनदा घसा खाकरला.  मग पाट्टीच्या लक्षात आलं की आपल्याच रीतीनं आपल्याला कोंडलं आहे, आणि ती उठून उभी राहिली. तिनं जे सुनावलं त्यातलं फक्त एवढंच राममूर्तींनी आम्हाला सांगितलं की हा कुठला मामा, रक्ताचा ना नात्याचा, एक दिवा फिरवला म्हणून कोणी भाऊ होतो का.  मी पहिल्यांदाच त्यांना खुर्चीवर असूनही ओशाळलेलं पाहिलं. त्यांचा सगळा डोलारा एका खोट्यावर उभा होता आणि म्हातारीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

तेव्हा आतून जयलक्ष्मीबाई आल्या. सासूसमोर त्या कधी उंबऱ्यापुढे येत नसत, त्या येऊन मामांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. सासूला समजावं म्हणून आधी तमिळमध्ये बोलल्या आणि मग मामांना समजावं म्हणून मोडक्या हिंदीत. "ये मेरा भाई है. भाई बोला, लड़की नहीं जाएगा. तो नहीं जाएगा."

 अलमेलूच्या हातातली घडी तशीच राहिली. पाट्टीनं सुनेकडे पाहिलं. मला वाटलं आता ही ट्रंक उचलून फेकणार. तिनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि आपल्या मुलाला काहीतरी म्हणाली. राममूर्ती म्हणाले, "आई म्हणते, भाऊ तर भाऊ. पण मग त्यानं मुलीला तिच्या वर्गात बसवून दाखवावं. चिमण्यांच्यात बसलेली मी बघणार नाही."

यात वावगं काही नव्हतं, पण तेच तर मामांना जुलैत जमलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि पाट्टीलाच म्हणाले, तुम्ही चला माझ्याबरोबर. दुसऱ्या दिवशी तिवारी सरांच्या खोलीत मामांनी एकाऐवजी दोन खुर्च्या मागितल्या. पाट्टी बसली नाहीच. टेबलावर हात टेकून तिनं तमिळमध्ये सरांची जी खरडपट्टी काढली तिचा एक शब्दही त्यांना कळला नाही आणि अर्थ मात्र पुरता कळला. आम्ही खिडकीखाली उकिडवी बसून ऐकत होतो. सर अधूनमधून "माताजी, माताजी" एवढंच म्हणत होते. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मामांनी हळूच सुचवलं की तिला आठवीची गणितं घालून बघा, तिथं हिंदी कुठं लागते? सरांनी जीव वाचल्यासारखी गणितं घातली. अलमेलूनं सगळी सोडवली आणि एका गणितात पुस्तकातलंच उत्तर चुकलेलं आहे, हेही हिंदीत सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, सुक्कोशी बोलायची तसंच. सर म्हणाले, वार्षिक परीक्षेपर्यंत आठवीत बसू दे, नापास झाली तर परत पाचवीत, तेव्हा माझ्याकडे कुणाही माताजींना आणायचं नाही.

ती पास झाली. हिंदीत काठावर, पण झाली. बाकावरचा तिचा निम्मा भाग मला मिळाला आणि मला तो फार मोठा वाटू लागला. पाट्टी निकाल ऐकूनच गावी गेली. जाताना तिनं मामांना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली आणि राममूर्तींकरवी सांगितलं की तुझ्यासारखा लबाड मामा आमच्या घराण्यात झाला नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मामा इस्त्रीचा कोट घालून, नारळ घेऊन राममूर्तींकडे गेले आणि चार लोकांसमोर हक्क सोडला. मुखर्जीबाबूंनी वर तोंड करून विचारलं की आता तरी सांगा, मनात काय होतं? मामा म्हणाले की मुलीकडून नकार येईल ही भीती होती, म्हणून इतकी वर्षं थांबलो. अलमेलूनं त्यांच्याच हातातला नारळ त्यांच्या डोक्यावर फोडायचा आविर्भाव केला. ती पुढं सायन्स कॉलेजात गेली, एम.एससी. झाली, तिथंच शिकवायला लागली. मधल्या काळात मामा नव्या नव्या पोरांना दांडीवर बसवून शाळेत नेतच राहिले. तिवारी सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, मामांनी त्यांच्याकडेही खुर्ची मागितली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अलमेलूच्या लग्नात, जे तिनं बरंच उशिरा केलं. माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले होते, मुद्दाम आले. जबलपूरच्या नेपियर टाऊनमधल्या एका हॉलमध्ये मांडव होता, नादस्वरम् वाजत होतं. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसवलेली, ती सुटेल म्हणून एका हातानं सारखी धरलेली, आणि वर तोच खाकी कोट. तमिळ लोकांकडे माळा घालताना वधूला तिच्या मामानं खांद्यावर उचलून घ्यायचं असतं. वराकडचे मामा तालमीतले होते, त्यांनी नवऱ्याला लीलया उचललं. इकडं एका चुलतभावानं मामांच्या वयाकडे बघून स्वतः पुढं यायची तयारी दाखवली. जयलक्ष्मीबाईंनी त्याला हातानं बाजूला केलं.

मामा खाली बसले, अलमेलू खांद्यावर बसली, आणि ते उठू लागले. गुडघे कडकड वाजले ते मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं. केरळचा, पंजाबचा, बंगालचा भाचा, सगळे टक्कल पडू लागलेले बाप्ये, धावत पुढं झाले. मामांनी त्यांना हातानं लांब ठेवलं आणि एकटे उभे राहिले. वेष्टी सांभाळायला हात उरला नव्हता, ती मुखर्जीच्या मुलानं मागून धरली. अलमेलू वरून हसत होती, रडत होती. एकमेकांच्या गळ्यात माळा पडल्या, पुन्हा पडल्या, तिसऱ्यांदा पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वराला त्याच्या मामानं खाली ठेवलं. लघाटे मामा तसेच उभे. गुरुजी म्हणाले, झालं, आता उतरवा. मामांचे पाय थरथरत होते, मान लाल झाली होती, पण ते तिला खाली ठेवेनात. लोक आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

जयलक्ष्मीबाई त्यांच्यापाशी गेल्या. इतक्या वर्षांच्या शेजारानं त्यांना आमच्या आईची भाषा येऊ लागली होती. त्यांच्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पुरे रे दादा. उतरव आता तिले. तिचं घर झालं."

मामांनी मान हलवली आणि अगदी हळू, एक गुडघा टेकून, तिला जमिनीवर ठेवलं.